नेटलचं फुकट एक्सेल: कोराडीचा कार्बन वाहून न्यायला टनामागे काय पडेल?

धुरातून पकडलेला कार्बन डायऑक्साइड नळाच्या वाहिनीने न्यायला किती खर्च येईल ते काढणारं, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या नेटल प्रयोगशाळेचं हे एक्सेल यंदा शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून वापरून घेतलं. वाहिनीची लांबी, वर्षाचे टन, चढ-उतार, पंप, व्याजदर भरले की नळाचा व्यास निघतो आणि टनामागे किती डॉलर घेतले तर खर्च भरून निघेल तेही कळतं.

आम्ही नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक केंद्राचा 660 मेगावॉटचा एक संच धरला, म्हणजे वर्षाला अंदाजे 40 लाख टन कार्बन डायऑक्साइड. लांबी समृद्धी महामार्गाची, 701 किलोमीटर. गेलची गॅसवाहिनीही त्याच कडेने गेली आहे.

या एक्सेलचा जीव भारांकाच्या, म्हणजे वर्षभरात वाहिनी पूर्ण क्षमतेच्या किती टक्के वापरली जाते त्याच्या, रकान्यात आहे. 85 टक्क्यांचे 50 केले की दर कसा चढतो ते बघाच. वर्षाचे टन तेच, पण ते कमी वेळात न्यायचे म्हणून नळ मोठा लागतो. दुपारी सौर वीज आली की औष्णिक संचांचा भार उतरवतात, त्यामुळे आपल्याकडे हा रकाना सगळ्यात आधी तपासायला हवा. उलट, नळाचा व्यास दुप्पट केला तर तेवढ्याच दाबाच्या घसरणीत वायू साडेपाच पट जातो, खोदाई आणि जमिनीचा खर्च मात्र तितका वाढत नाही. तीन-चार कारखान्यांनी मिळून एक वाहिनी घालावी, ती याचसाठी.

ट्रक, रेल्वे, जहाज यात नाहीत, आणि तुलना करायला बसलेल्याला ही उणीव जाणवतेच. ट्रकचा हिशेब आम्ही फळ्यावर मांडला: 20 टनांचा टँकर धरला तर रोज साधारण 550 फेऱ्या, परतीला सगळे रिकामे. तरी एखाद्या डिस्टिलरीचा दिवसाला टँकरभरच वायू असेल, तर तिथे वाहिनी परवडायची नाही, टँकरच बरा.

खोदाईची सूत्रं अमेरिकेतल्या गॅसवाहिन्यांच्या खर्चावरून बांधलेली आहेत. पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी विदर्भातली काळी माती त्यांत कुठून येणार? शेतातून वाटेचा हक्क घेण्याचा खर्चही इथला वेगळा. जमिनीचं तापमानसुद्धा नागपूरचं भरा; वायू गरम तितका विरळ, आणि नळ जास्त व्यासाचा लागतो.

प्रकल्प करणाऱ्या मुलांनी जरूर उतरवून घ्यावं. मात्र आलेल्या डॉलरचे सरळ रुपये करून अहवालात लिहू नका. आधी इथल्या ठेकेदाराकडून खोदाईचा दर आणा.