लाळेतल्या कॉर्टिसॉलचा घरगुती संच: सहा महिन्यांच्या वापरानंतर

संच म्हणून चांगला आहे. नळ्या गळत नाहीत, लाळ शोषायचा बोळा दाताखाली सुटत नाही, झाकणं घट्ट बसतात. माहितीपत्रकात मात्र पहिल्या नळीपुढे नुसतं ‘सकाळी’ असं छापलंय, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

कॉर्टिसॉल म्हणजे मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून येणारं, ताणाशी जोडलेलं संप्रेरक. ते जाग येण्याआधीच चढू लागतं, डोळे उघडल्यापासून साधारण ३० ते ४५ मिनिटांत शिखरावर जातं आणि मग दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या आसपास तळ गाठतं. म्हणून घड्याळातले सात महत्त्वाचे नाहीत, जाग येऊन किती मिनिटं झाली हे महत्त्वाचं. पाचला उठलेल्याची आणि पावणेसातला उठलेल्याची सात वाजताची लाळ एकमेकींशी ताडून बघताच येत नाही. पहिली नळी अंथरुणातच, डोळे उघडल्या उघडल्या. आधी तोंड धुऊन, दूध तापवून पंधरा मिनिटांनी घेतली तर तोवर पातळी वर सरकलेली असते, पुढचा चढ खोटाच लहान दिसतो आणि माणूस विनाकारण घाबरतो. त्या दिवशी गजर पुढे ढकलत डुलक्या काढू नका, नाहीतर नेमकी जाग कधीची हे ठरत नाही. नळ्या आदल्या रात्रीच उशाशी ठेवा. जाग आल्याची वेळ आणि बोळा तोंडात घातल्याची वेळ, दोन्ही लिहा. चुकलात तर खरी वेळ लिहा, ठरलेली नव्हे.

दुसरी नळी ३० मिनिटांनी, तिसरी ४५ व्या मिनिटाला. चार नळ्यांच्या संचात बहुधा ३० ची एकच मिळते. शिखर प्रत्येकाचं थोडं मागेपुढे असल्याने ती अपुरी पडते. दिवसही एक पुरत नाही: सारख्याच दिनक्रमाचे किमान दोन घ्या, कामाचा दिवस आणि रविवार यांची सरमिसळ करू नका.

या पाऊण तासात चहा नाही, ब्रश नाही, मिश्री तर नाहीच. हिरडीतून रक्त आलं की आकडा फुगतो, गुलाबी दिसणारा बोळा सरळ टाकून द्या. पाणी चालतं, पण नळीच्या आधीची दहा मिनिटं तेही नको, लाळ पातळ होते. लाळ सुटावी म्हणून लिंबू किंवा चिंच चाटू नका. आंबटपणाने तपासणीतली रसायनं बिघडतात. सकाळी तोंड कोरडं असतं, तेव्हा बोळा दोन मिनिटांऐवजी जरा जास्त वेळ घोळवा. त्याला बोट लावू नका, विशेषतः हाताला स्टेरॉइडचं मलम लागलेलं असेल तर.

ज्येष्ठमधाबद्दल पत्रकात अवाक्षर नाही, आणि आपल्याकडे तो काढ्यात, पानात, खोकल्याच्या गोळ्यांत सर्रास असतो. लाळग्रंथीतलं एक विकर (एन्झाइम) कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करतं. ज्येष्ठमध ते विकर अडवतो, मग लाळेत कॉर्टिसॉल जास्त दिसतं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड औषधही काही चाचण्यांना कॉर्टिसॉलच वाटतं. औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा आणि फॉर्मवर लिहा.

रात्रीची नळी कुशिंगच्या (शरीरात कॉर्टिसॉल फार वाढण्याचा आजार) शंकेसाठी असेल तर ११ ते १२ च्या दरम्यान, शांत बसून, किमान दोन रात्री. रात्रपाळी करणाऱ्यांना ही तपासणी लागू पडत नाही. कॉर्टिसॉल कमी असल्याची शंका असेल तर हा संच कामाचा नाही, त्याला रक्ताची तपासणी लागते.

नळ्या लगेच फ्रीजमध्ये, आठवडाभर ठेवायच्या तर फ्रीझरमध्ये. गोठल्याने बिघडत नाही, उलट चिकट भाग खाली बसून लाळ मोजायला सोपी जाते. कुरिअर सोमवारी किंवा मंगळवारी द्या, शनिवारी दिलेलं रविवारभर गोदामात तापतं.

अहवालात एकक आधी बघा: १ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे सुमारे २७.६ नॅनोमोल प्रति लिटर. लाळेत फक्त मुक्त, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेलं, कॉर्टिसॉल येतं, म्हणून रक्ताच्या आकड्याशी तुलना नको. आणि खाली ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ (अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्या) असा शेरा छापलेला असेल तर त्यावर गोळ्या विकत घेऊ नका. अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ हे निदान मानत नाहीत.