प्रसूतीची बॅग : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पहिल्या बाळंतपणासाठी रुग्णालयात न्यायची बॅग मी ३६व्या आठवड्यात भरून दाराजवळ ठेवली होती. आज बाळ आठ महिन्यांचे आहे आणि त्या सामानातला बराचसा भाग अजून रोजच्या वापरात आहे, त्यामुळे कोणती वस्तू किती उपयोगी पडली याचा हिशेब आता शांतपणे मांडता येतो. हेच लिखाण बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी केले असते तर निम्म्या वस्तूंना उगीचच नावे ठेवली असती, कारण काहींचा उपयोग टाके भरून येताना कळला, तर काहींचा फोलपणा बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर.

माझी सर्वांत मोठी चूक वस्तूंच्या निवडीत नव्हती. यादी बरी होती. चूक अशी की बॅग मी भरली, आणि ती उघडायची वेळ आली तेव्हा मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते. कळा सुरू होऊन १४ तास उलटल्यावर बाळाचे ठोके मंदावू लागले आणि सिझेरियन करायचे ठरले. बाळ जन्मल्यावर थोड्याच वेळात सिस्टर दाराबाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बाळाचे टोपडे आणि दुपटे द्या." ती बॅग होती पाठीला अडकवायची, वरून तोंड असलेली खोल सॅक. आत मी हौसेने शिवून घेतलेल्या एकसारख्या सात कापडी पिशव्या होत्या आणि टोपडे त्यांपैकी कोणत्या पिशवीत आहे हे जगात एका माणसाला ठाऊक होते. नवऱ्याने बाहेरच्या बाकावर एकेक पिशवी उलटी केली. माझे गाऊन, चार्जर, पॅडची पाकिटे, कंगवा असा सगळा संसार तिथे मांडला गेला, आणि पाचव्या पिशवीतून टोपडे निघाले तोवर सिस्टरांनी रुग्णालयाच्याच कापडात बाळाला गुंडाळून घेतले होते. नवजात बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते, ओल्या डोक्यातून ऊब लवकर निघून जाते, म्हणून टोपडे सर्वांत आधी मागतात, हे मी वाचलेले होते. ज्याच्याकडे ते मागितले जाणार होते त्याला मात्र मी ते सांगितले नव्हते.

वॉर्डसाठी दुसरी बॅग होती, तीन बाजूंनी चेन असलेली आणि वहीसारखी सपाट उघडणारी. तिसऱ्या दिवशी मी झोपले असताना नवऱ्याने दोन्हींतले सगळे सामान तिच्यात नव्याने लावले, बाळाचे कपडे आरपार दिसणाऱ्या चेनच्या पाकिटांत जोडीजोडीने भरले, म्हणजे एका पाकिटात एक झबले, एक टोपडे, एक डायपर, एक दुपटे, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कशाची जागा कुठे याची चिठ्ठी चिकटवली. त्यानंतर आम्हाला काहीही शोधावे लागले नाही. सॅक घरी आल्यापासून कपाटावर पडून आहे.

कागदपत्रांची फाइल ही मात्र माझ्या नियोजनातली सर्वांत यशस्वी गोष्ट ठरली. माझा रक्तगट निगेटिव्ह आहे. अशा आईच्या बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर आईला प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचे, म्हणजे पुढच्या गरोदरपणात बाळाला धोका होऊ नये म्हणूनचे, इंजेक्शन द्यावे लागते. म्हणून रक्तगटाचा अहवाल मी सर्वांत वर लावला होता, त्याखाली शेवटची सोनोग्राफी, मग रक्ताच्या तपासण्या आणि चालू औषधांची यादी. पोटात बाळ असताना नऊ महिने साचलेले सगळे कागद घेऊन जाण्यापेक्षा हे चार-पाच कागद वर असणे महत्त्वाचे, कारण भरती करून घेताना प्रश्न भराभर येतात आणि कळ चालू असताना तारखा आठवत नाहीत. फाइलच्या पुठ्ठ्यावर नवऱ्याने पेन्सिलीने लिहिले होते : "पाणी गेले, रात्री २.१०, रंग स्वच्छ." पाणी कधी गेले आणि त्याचा रंग कसा होता हा पहिलाच प्रश्न होता. वेळ विचारतात ती जंतुसंसर्गाच्या धोक्यासाठी, आणि रंग हिरवट असेल तर बाळाने आतच शी केलेली असण्याची शक्यता असते. त्यामुळे फाइलबरोबर एक पेन असू द्यावे. आमच्याकडे पेन्सिल होती तीही योगायोगाने.

आता आईच्या वस्तू. याबाबतीत बहुतेक याद्या कंजूष असतात आणि माझीही तशीच होती, कारण बाळाचे इवलेसे कपडे घड्या घालून ठेवण्यात जो आनंद आहे तो जाड पॅड मोजण्यात नाही. सिझेरियन झाले तर रक्तस्राव फारसा होत नाही, असा माझा समज होता. तो साफ चुकीचा निघाला. गर्भाशय दोन्ही प्रकारच्या प्रसूतींनंतर सारखेच रिकामे होत असते. पहिले काही दिवस स्राव भरपूर असतो, नंतर त्याचा रंग फिका होत जातो आणि पूर्ण थांबायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टॅम्पॉन किंवा कप वापरायचा नसतो, म्हणजे सगळी भिस्त पॅडवरच. नेहमीचे पातळ पॅड पहिल्या रात्री निरुपयोगी ठरले. लांब, जाड मॅटर्निटी पॅडचे एकच पाकीट मी नेले होते, ते दोन दिवसांत संपले. प्रसूतीनंतर तासाभरात एक मोठे पॅड पूर्ण भिजत असेल किंवा मोठ्या गाठी जात असतील, तर पॅड पुरतील की नाही याचा विचार करत न बसता ताबडतोब सिस्टरांना सांगायचे असते, हेही मला तिथेच समजले.

अंतर्वस्त्रांची गोष्ट याहून वाईट. सहा नव्या, चांगल्या सुती निकर मी नेल्या होत्या आणि सहाही निकरांचे इलॅस्टिक अगदी टाक्यांच्या रेषेवर बसत होते. ओटीपोटावरचा छेद आडवा आणि खाली असतो. त्यावर कापडाची कडा घासली की खोकताना आधीच जीव जातो त्यात आणखी भर पडते. बेंबीच्याही वर येणाऱ्या, ढगळ, दोन मापे मोठ्या निकर मागवाव्या लागल्या. दिसायला त्या जितक्या कुरूप होत्या तितकेच माझे त्यांच्यावर प्रेम जडले आणि पुढचे दोन महिने मी दुसरे काही घातले नाही. नैसर्गिक प्रसूती होणार असे गृहीत धरणाऱ्यांनीही त्या न्याव्यात, कारण त्या दोन्हीकडे चालतात, तर माझ्या सहा चालत नव्हत्या.

गाऊन पुढून उघडणारा हवा हे सगळेच सांगतात, ते खरे आहे. बाह्यांबद्दल कोणी सांगत नाही. हाताच्या पाठीवर सलाइनची सुई टोचलेली असते, तिच्यावर चिकटपट्टी, तिला जोडलेली नळी. माझ्या एका गाऊनच्या बाह्या मनगटाशी अरुंद होत्या, त्यातून तो हात घालताना सुईला हिसका बसला आणि तो गाऊन पुन्हा घडीच घालून ठेवला. सैल, आखूड बाह्याच असाव्यात. तसेच येताना घातलेले बूट जाताना पायात शिरले नाहीत. सलाइन आणि एकूण पाण्यामुळे प्रसूतीनंतर काही दिवस पावले जास्त सुजू शकतात. मोठ्या मापाच्या, न घसरणाऱ्या, वाकावे न लागता घालता येणाऱ्या चपला मी नेल्या होत्या, तेवढे एक शहाणपण.

खालच्या टाक्यांसाठी घेतलेली, दाबून पाणी सोडायची बाटली मला लागली नाही, ती शेजारच्या खाटेवरच्या बाईंना दिली. त्यांना खाली टाके होते. लघवी करताना त्या जागी कोमट पाणी सोडत राहिले की लघवी सौम्य होते आणि आग कमी होते. घरी जाताना त्यांनी बाटली परत देऊ केली, पण मी घेतली नाही. क्रीम, पावडर, केसांच्या पिना वगैरेंबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. ओठांना लावायचे मलम तेवढे न्यावे.

ब्रेस्ट पंप नेणे हा शुद्ध भाबडेपणा होता. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, तो दाट असतो आणि अगदी थोडा. पहिल्या दिवशी बाळाची एका वेळची गरजही जेमतेम चमचाभर असते. एवढा चीक पंपाच्या नळ्यांना आणि बाटलीलाच लागून जाईल, म्हणून सिस्टरांनी तो हाताने दाबून छोट्या चमच्यात घ्यायला शिकवले. पिवळसर चार थेंब चमच्याच्या खोलगट भागात जमा व्हायला दहा मिनिटे लागली आणि बाळाने ते दोन सेकंदांत संपवले. मला दूध भरून आले चौथ्या दिवशी, आणि तेव्हापासून ब्रेस्ट पॅड लागू लागले. स्तनाग्रांवर लावायचे लॅनोलिनचे मलम मी वापरले, मात्र वेदना खऱ्या अर्थाने कमी झाल्या त्या बाळाला नीट धरायला शिकल्यावर. पंपाचे खोके पाचव्या महिन्यात, कामावर परतायच्या आधी, प्रथमच उघडले.

बाळाचे नवजात मापाचे आठ जोड नेले होते. तिसऱ्या दिवशी कावीळ वाढली आणि बाळाला दोन दिवस निळ्या प्रकाशाखाली ठेवले. प्रकाश त्वचेवर पडायला हवा म्हणून अंगावर फक्त डायपर आणि डोळ्यांवर पट्टी. आठ जोड बॅगेत आणि बाळ उघडे, असा तो देखावा होता. घरी आल्यावर सहा आठवड्यांत ते माप आखूड झाले, त्यांतल्या तीन जोडांची तर घडीही मोडली नाही. डोक्यावरून घालायचे कपडे मान न धरणाऱ्या बाळाला घालताना हात कापत, म्हणून समोर बांधायची झबलीच पुन्हा पुन्हा धुऊन वापरली गेली. हातमोजे पहिल्याच दिवशी काढले : भूक लागली की बाळ मूठ तोंडाकडे नेते, आणि ती खूण मोज्यात झाकली जात होती. संचाबरोबर आलेली चिमुकली उशी कधीच वापरली नाही, कारण बाळाला उताणे, सपाट जागेवर, उशीशिवाय झोपवायचे असते. साबण आणि तेल उगीच नेले. पहिली आंघोळ किमान २४ तास लांबवावी अशी शिफारस आहे. सुती, पातळ, मोठ्या चौकोनी कापडांचे मात्र कितीही कौतुक केले तरी थोडे. दहा नेली होती, दहाही आज वापरात आहेत. पुसायला, पांघरायला, खाली अंथरायला, आडोशाला. त्यांतल्या दोघांवर पहिल्या काळ्या-हिरव्या शीचे डाग अजून आहेत. ती डांबरासारखी चिकट असते आणि ओल्या कापसाने एका पुसण्यात निघत नाही.

सोबत राहणाऱ्या माणसाचे सामान आम्ही विसरलोच होतो. तीन दिवसांचा अंदाज होता, मुक्काम सहा दिवसांचा झाला आणि नवरा एका शर्टावर दोन दिवस वावरला. त्याचे दोन जोड, चादर आणि लांब वायरचा चार्जर एवढे तरी असावे. खाटेपासून प्लग दूर असतो आणि टाक्यांसह तिथवर हात पोहोचत नाही.

बॅगेच्या कोपऱ्यात केवळ यादीत होता म्हणून टाकलेला डिजिटल थर्मामीटर रुग्णालयात कोणी पाहिलाही नाही. घरी तो महिन्यातून अनेकदा निघाला. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असेल तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यायचे असते, त्यामुळे कपाळाला हात लावून अंदाज बांधण्यापेक्षा आकडा समोर असलेला बरा.

वहीसारखी उघडणारी ती बॅग आता बाहेर पडताना बाळाची बॅग म्हणून वापरली जाते आणि ती नवराच भरतो. चेन शाबूत आहे, एक कोपरा घासला आहे, आतल्या अस्तरावर मलमाचा न निघणारा डाग आहे. कपड्यांची मापे तीनदा बदलली, पाकिटे तीच आहेत. झाकणाच्या आतली चिठ्ठीही अजून चिकटलेली आहे; तिची पहिली ओळ आहे, "टोपडे : उजवीकडे, सर्वांत वर."