नौपाड्यातला गाण्याचा क्लास, कॉलेजच्या पोरांसाठी नक्की बघा

ठाण्यात गाण्याचे क्लास गल्लोगल्ली आहेत पण पंधरा-सोळा वर्षांची पोरं शास्त्रीयला टिकतील असा क्लास हवा असेल तर गोखले रोडच्या आतल्या गल्लीतला हा घरगुती क्लास बघाच. माझी लेक अकरावीत, ट्रिनिटी कॉलेजच्या गिटारच्या ग्रेड परीक्षा देते, जानेवारी २०२५ मध्ये नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले हा इंग्रजी बँड आला, त्याच्या तिकिटासाठी घरातले सगळे मोबाईल कामाला लावले होते तिने.

आजकालच्या पोरांना आपलं संगीत नकोच असतं हे येता-जाता ऐकू येतं आणि मला ते अजिबात पटत नाही. गिटारला तीन-चार कॉर्ड आल्या की पोरगं मित्रांमध्ये गाणं वाजवतं, आणि आपल्याकडे वर्षभर अलंकार (स्वरांचे पलटे) घोटायचे, प्रारंभिकची म्हणजे पहिली परीक्षा आली की रागाचा वादी (मुख्य स्वर), संवादी (त्याच्या खालोखालचा), थाट (मूळ स्वरसाचा) आणि वेळ पाठ करायची, तो राग कानावर नीट पडलेलाही नसतो. आधीच्या एका क्लासमध्ये तर गिटारमुळे कान बिघडतो असं तिला सगळ्यांसमोर सुनावलं, ती परत गेली नाही आणि त्यात तिचं काहीच चुकलं नाही.

इथल्या ताईंनी उलट गिटार घेऊनच ये म्हणून सांगितलं. त्यांनी भूप राग गायला, लेक म्हणाली ही तर मेजर पेंटॅटॉनिक (गिटारवरची पाच स्वरांची स्केल), ताई म्हणाल्या बरोबर, आता हे ऐक, आणि देशकार राग सुरू केला. स्वर तेच, सा रे ग प ध, पण भूपात जीव गंधारात आणि देशकारात सगळा ओढा धैवताकडे, एक रात्रीचा एक सकाळचा. लेकीने दोन्ही गिटारवर वाजवून बघितले, स्केल आली पण राग काही येईना, मग तिनेच म्हटलं ताई परत गा ना. तिथून ती अडकली ती अडकलीच.

दुसरं म्हणजे तानपुरा. एरवी अ‍ॅपवरचा चालतो पण शनिवारच्या बॅचला मिरजेचा खरा तानपुरा काढतात (मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं ना, तोच) आणि चक्क पोरांना लावायला देतात. मधल्या जोडाच्या दोन तारा षड्जात (सा) मिळवायच्या, मग पंचम (प), मग खर्ज (खालचा सा), खुंटीने जवळ आणायचं आणि मणी सरकवून बारीक मिळवायचं, मग घोडीवर तारेखालचा दोरा केसभर इकडेतिकडे करत जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, खुलवायची. क्लिप ट्यूनर बघून गिटार लावणारी ही पोरं इथे भोपळ्याला कान लावून बसतात, कोणाचाही हात मोबाईलकडे जात नाही. माझ्या मते फी इथेच वसूल होते.

शास्त्रीय गायक पं. राम मराठे आपल्या ठाण्यातले, महापालिका त्यांच्या नावाने संगीत समारोह करते, पण आमच्या सोसायटीतल्या एकाही पोराला हे माहीत नव्हतं. घरात कोणी बोललंच नाही तर त्यांना कळणार कुठून? ताई पोरांना घेऊन जातात अशा कार्यक्रमांना, आणि पूर्ण बसायची सक्ती नाही, कंटाळा आला तर बाहेर चहा पिऊन या म्हणतात, हे मला फार आवडलं.

अडचणी आहेत. खोली लहान, पावसाळ्यात खिडक्या बंद ठेवल्या की घुसमटतं, पार्किंग नाहीच, स्टेशनवरून चालत जा. संध्याकाळची बॅच कोचिंग क्लासच्या वेळेवर येते, ती बदलायला हवी. आणि ताई परीक्षेची घाई करत नाहीत, त्यामुळे दहावीला संगीत परीक्षांचे जे वाढीव मार्क मिळतात त्यांच्यासाठी फटाफट सर्टिफिकेट हवं असेल तर हा क्लास तुमच्यासाठी नाही, आधीच स्पष्ट बोलून घ्या. आवाज फुटत असलेल्या मुलांना घेतात, त्यांची पट्टी (गाण्याचा मूळ सा) वेगळी धरतात आणि तार सप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, ओढायला लावत नाहीत.