थायरॉईड काढलंय, रिपोर्ट नॉर्मल, तरी अंगात त्राण नाही: नुसती टी-फोर की जोडीला टी-थ्री?

पूर्ण ग्रंथी काढलीय, टीएसएच (मेंदूकडून थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की हा वाढतो) दोन-अडीचच्या आसपास आहे, डॉक्टर रिपोर्ट बघून "एकदम छान, सहा महिन्यांनी या" म्हणतात आणि तुम्ही मात्र दुपारी तीनला खुर्चीत पेंगताय, बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही, जिना चढताना मांड्या भरून येतात, अशांसाठी हे लिहितोय. गोळी अनशापोटी का घ्यायची, टीएसएच वर गेला की काय होतं वगैरे तुम्हाला पाठ असणार, त्यात शिरत नाही. माझी गाठ साधी निघाली होती. ज्यांचा कॅन्सर होता आणि टीएसएच मुद्दाम खाली दाबून ठेवलाय त्यांचं गणित वेगळं, त्यांनी माझं वाचून काहीही बदलू नये.

प्रश्न असा की नुसत्या टी-फोरवर, म्हणजे नेहमीच्या थायरॉक्सिनच्या गोळीवर राहून तीच नीट बसवायची, की एन्डोच्या (हार्मोनच्या डॉक्टरांच्या) मागे लागून टी-थ्री, म्हणजे थायरॉईडचं दुसरं हार्मोन, तेही सुरू करून घ्यायचं. मी दोन्ही करून बघितलंय.

टी-थ्रीवाल्यांचं म्हणणं उगाच नाहीये, आधी तेच सांगतो. शरीराला रोज जेवढी टी-थ्री लागते त्यातला साधारण पाचवा हिस्सा चांगलं थायरॉईड स्वतःच देतं, उरलेली शरीर टी-फोरपासून लिव्हर, किडनी वगैरे ठिकाणी बनवून घेतं. ग्रंथीच गेली की तो हिस्साही गेला, आता सगळी मदार त्या रूपांतरावर, आणि ते प्रत्येकाच्या अंगात सारखं होत नाही. इटलीत, सिसिलीतल्या कातानियाला, २०११ साली ग्रंथी काढलेल्या आणि नुसत्या टी-फोरवर असलेल्या १८०० हून जास्त लोकांचे रिपोर्ट तपासले होते, त्यात टीएसएच नॉर्मल असूनही २० टक्क्यांहून जास्त जणांचं एफटी-थ्री नाहीतर एफटी-फोर (रक्तातली मोकळी टी-थ्री, टी-फोर) रेंजच्या बाहेर निघालं. म्हणजे आपल्याला "रिपोर्ट नॉर्मल" म्हणून जे सांगतात ते पुष्कळदा "टीएसएच नॉर्मल" एवढंच असतं, बाकीचं कुणी बघितलेलंच नसतं. हे कळलं तेव्हा मला निम्मं बरं वाटलं, निदान आपण नाटक करत नाही हे तरी कळलं, कारण तोवर एका ठिकाणी मला "जरा मन रमवा, फिरायला जात जा" असं ऐकवून झालं होतं.

मग पुरावा काय? १९९९ साली लिथुआनियात ३३ जणांवर केलेला एक प्रयोग गाजला होता, टी-फोरमधले ५० मायक्रोग्रॅम काढून त्या जागी साडेबारा टी-थ्री दिली तर लोकांचा मूड आणि डोकं दोन्ही सुधारलं, आणि त्यातले बरेच जण ग्रंथी काढलेलेच होते. त्यानंतर सगळीकडे तसे प्रयोग झाले आणि २००६ मध्ये ११ चाचण्या एकत्र करून, १२१६ लोकांचा हिशोब मांडून निष्कर्ष निघाला की फरक काही दिसत नाही. आता सरासरीत फरक नाही म्हणजे कुणालाच नाही असं नसतं, हे मी आमच्या एन्डोंनाही ऐकवलं आणि ते हसून "बरोबर आहे, म्हणूनच करून बघू" म्हणाले. युरोपियन थायरॉईड असोसिएशनने २०१२ मध्ये साधारण हेच सांगितलंय, प्रयोग म्हणून करा, तीन महिन्यांत फरक नाही पडला तर बंद करा.

तर माझी टी-फोर १२५ वरून १०० वर आली आणि जोडीला पाच मायक्रोग्रॅम टी-थ्री सकाळी, पाच दुपारी. पहिले काही आठवडे खरंच छान गेले, खोटं कशाला बोलू. डोक्यावर ओली गोधडी टाकलेली असावी आणि ती कुणीतरी उचलावी तसं. संध्याकाळी स्वतःहून भाजी आणायला निघालो तर बायको चकित. हा भाग ज्यांनी अनुभवलाय ते टी-थ्री सोडायला तयार नसतात आणि मला ते पटतं.

पण ती गोळी कापणं! माझ्या हातात आलेली गोळी २० ची. तिच्यावर मधोमध एकच रेघ, म्हणजे अर्धी सहज होते, पण मला हवी चतकोर. मग स्टीलची ताटली घ्या, नवं ब्लेड घ्या, अर्धीवर अलगद धरून दाबा, की एक तुकडा मोठा, एक छोटा आणि उरलेलं पीठ. ते पीठ बोटाला चिकटतं, ते पाच मायक्रोग्रॅममधलं की फुकट गेलेलं, काय कळणार? मेडिकलमधून प्लास्टिकचं गोळी कापायचं यंत्र आणलं, त्याने पीठ जरा कमी पडतं इतकंच. टी-फोरमध्ये डॉक्टर तुम्हाला १०० वरून ११२ वर नेताना विचार करतात आणि इथे मी रोज सकाळी ब्लेडने डोस ठरवतोय! अमेरिकेत पाचची अख्खी गोळी मिळते, माझ्या मेडिकलवाल्याकडे २० ची सुद्धा "मागवतो, दोन दिवसांनी या" अशी.

वर दुपारचा डोस. टी-फोर आठवडाभर शरीरात रेंगाळते, एखाद दिवस चुकली तर कळतही नाही. टी-थ्रीचं तसं नाही, दोन-चार तासांत रक्तात चढते आणि दिवसभरात उतरते, म्हणून दोनदा विभागून घ्यायची. मी चतकोर कागदाच्या पुडीत बांधून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचो, मीटिंग लांबली की लक्ष घड्याळाकडे, डबा आधी खाल्ला की आता दोन तास थांबू की लगेच घेऊ, घरी विसरलो तर संध्याकाळी घेऊ की सोडून देऊ. आणि जरा कुठे छातीत धडधडलं की हे गोळीचं की लिफ्ट बंद होती म्हणून चार मजले चढलो त्याचं, हा विचार सुरू, मग मनगटावर बोट. रिपोर्टचाही आधार राहिला नाही. रक्त गोळीनंतर दोन तासांनी दिलं तर एफटी-थ्री एक, गोळीच्या आधी दिलं तर दुसरंच. म्हणजे ज्या तक्रारीपायी एवढं केलं, की रिपोर्ट काही सांगत नाही, तीच आणखी वाढली. गोळीचा फायदा नंतर हळूहळू जाणवेनासा झाला आणि ही कटकट तेवढी राहिली, माझ्यासाठी निकाल इथेच लागला. हृदयाला वाईट म्हणून नाही, पैशांमुळे नाही. सकाळ-दुपार स्वतःची नाडी बघत बसायचा कंटाळा आला.

परत १२५ टी-फोरवर आलो, पण यावेळी एन्डोंना विचारून झोपताना. हा बदल मला सगळ्यात मानवला. कारण साधं आहे, सकाळी उठल्या उठल्या चहा लागतो, गोळी घेऊन तासभर थांबणं कुणाला जमतं, पाऊण तास, अर्धा तास करत ते आक्रसत जातं आणि चहात दूध. नेदरलँड्समध्ये २०१० साली ९० लोकांवर हेच तपासलं होतं, रात्री घेतलेली गोळी जास्त चांगली शोषली गेली, टीएसएच खाली आला. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच प्रयोगात लोकांना जास्त बरं वाटलं असं काही दिसलं नाही, पण मला वाटलं, आणि माझा टीएसएच पूर्वी दर वेळी थोडा इकडेतिकडे नाचायचा तो एका जागी बसला. अट एवढीच की जेवण आणि गोळी यात तीन तास, म्हणजे आठच्या सुमारास जेवायचं. रात्रीचं हळदीचं दूध गेलं, त्याचं आईला अजून वाईट वाटतं.

टी-थ्री मागण्याआधी निस्तरायच्या दोन-तीन गोष्टी आहेत, त्यातली कॅल्शियमची सगळ्यात महत्त्वाची आणि ती थायरॉईडच्या रिपोर्टात दिसतच नाही. थायरॉईडला चिकटून चार छोट्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का लागला की कॅल्शियम खाली जातं. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या, रात्री पायात गोळे, थकवा, हे सगळं लोक "थायरॉईडचं" म्हणून सोसत राहतात. रक्तातलं कॅल्शियम आणि पीटीएच (पॅराथायरॉईडचं हार्मोन) तपासून घ्या, आणि मुंग्या वाढल्या किंवा हात आखडले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. दुसरं म्हणजे कॅल्शियमची गोळी आणि थायरॉईडची गोळी यात किमान चार तास पाहिजेत, ऑपरेशननंतर दोन्ही चालू असतात आणि सोयीसाठी एकत्रच घशात जातात. लोहाच्या गोळीचंही तेच, आणि ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर ती डॉक्टरांना आठवणीने सांगा.

आणि बायोटिन. केस गळतात म्हणून आपण बायोटिन हे जीवनसत्त्व घेतो, आणि पुष्कळ लॅबच्या मशीनमध्ये तेच बायोटिन तपासणीच्या आड येतं, टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणजे ज्याचा टीएसएच खरं तर वाढलाय त्याचाच रिपोर्ट "नॉर्मल" येऊ शकतो! रक्त द्यायच्या आधी किमान दोन दिवस बंद ठेवायचं, डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारायचं. मला हे मेडिकलवाल्याने सांगितलं, एवढ्या डॉक्टरांपैकी कुणी नाही.

बी-१२, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी हे तर आपल्याकडे, त्यातून शाकाहारी असाल तर, बघायलाच हवं. माझं बी-१२ कमी होतं, इंजेक्शनं घेतली, पायांची जळजळ गेली, थकवा थोडा कमी झाला, सगळा नाही. घोरत असाल तर झोपेची तपासणी. गोळीची कंपनी मध्येच बदलली असेल तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच परत.

डुकराच्या ग्रंथीची वाळवलेली गोळी, जी अमेरिकेतून कुणाकडून तरी मागवतात, तिच्याबद्दल एवढंच की तिच्या एका ग्रेनमध्ये (ही गोळी मोजायचं जुनं माप) ३८ मायक्रोग्रॅम टी-फोर आणि ९ टी-थ्री असते, म्हणजे माणसाच्या ग्रंथीच्या मानाने टी-थ्री बरीच जास्त. नैसर्गिक आहे खरी, डुकरासाठी. मी त्या वाटेला गेलो नाही.

आता मी पूर्ण बरा झालोय का, तर नाही. ऑपरेशनआधीचा मी आणि आत्ताचा यात फरक आहे, संध्याकाळी सातनंतर माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नये हे घरात सगळ्यांना माहीत झालंय. पण गोळी रात्री एकदा घेतली की दिवसभर तिचा विचार येत नाही आणि मला वाटतं माझ्या बरं वाटण्यातला निम्मा वाटा त्याचाच असेल. दुसऱ्या कुणाचं वेगळं असू शकतं. माझ्या ओळखीतल्या एक ताई टी-थ्रीवर आहेत, त्यांचं एफटी-थ्री खरंच तळाला असायचं, त्या म्हणतात मरेपर्यंत सोडणार नाही, आणि त्यांच्याकडे बघून मला त्यांना काही सांगावंसं वाटत नाही.

तेव्हा वरचं सगळं करून झालं असेल, एफटी-थ्री दोन-तीनदा खालीच आलं असेल, हृदयाचं काही नसेल, हाडं ठिसूळ नसतील, गरोदर नसाल किंवा तसा विचार नसेल (बाळाच्या मेंदूला आईची टी-फोरच लागते, तिथे टी-थ्रीचा प्रयोग नको), तर एन्डोंना टी-थ्रीचं विचारायला हरकत नाही. फक्त सुरू करतानाच कधी थांबायचं ते ठरवून घ्या, रक्त दर वेळी सकाळच्या डोसच्या आधीच द्या, आणि पाचची अख्खी गोळी कुठे मिळते का ते प्रिस्क्रिप्शन लिहून घ्यायच्या आधी मेडिकलमध्ये विचारून या.