उंचावरचं टेहळणी ड्रोन: नवा ऑटोपायलट आणि नवं ग्राउंड स्टेशन, काही महिन्यांच्या वापरानंतर

यंत्र पंखांचं, पण चार उभ्या मोटरींवर सरळ वर चढणारं, म्हणजे क्वाडप्लेन. वजन साधारण ७ किलो. ऑटोपायलटवर आर्डुपायलट हे उड्डाण सांभाळणारं सॉफ्टवेअर, जमिनीवर लॅपटॉपमध्ये मिशन प्लॅनर, म्हणजे मोहीम आखायचं आणि ड्रोनवर लक्ष ठेवायचं सॉफ्टवेअर. काम लेहच्या बाजूला, ३,५०० मीटर आणि त्याहून वर: दरडी, रस्ते, नदीपात्रं यांवर नजर ठेवणं. नवी मुंबईच्या आयडियाफोर्जचं ‘स्विच’, ज्याचा करार भारतीय लष्कराने जानेवारी २०२१ मध्ये केला, तेही याच जातीचं. त्यामुळे खालच्या बऱ्याच गोष्टी या वर्गातल्या कुठल्याही यंत्राला लागू पडतील.

बदललं ते एवढं: जुन्या एफ४२७ चिपच्या ऑटोपायलट बोर्डाऐवजी क्यूब ऑरेंज हा बोर्ड, आर्डुपायलटचं फर्मवेअर ४.५, ८६८ मेगाहर्ट्झ गटातला १ वॉटचा रेडिओ, जमिनीवर दिशादर्शी अँटेना, एसएसडीवाला लॅपटॉप आणि २१७०० आकाराच्या लिथियम सेलचे बॅटरी पॅक. पैसे सगळ्यात जास्त बोर्डावर गेले, फरक मात्र सगळ्यात जास्त रेडिओ आणि अँटेनाने पडला. बजेट तोकडं असेल तर आधी जमिनीवरची बाजू सुधारा.

रेडिओपासूनच सांगतो. बाजारात स्वस्त मिळणारे ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचे सेट भारतात वापरू नयेत. हा पट्टा इथे खुला नाही, आणि मोबाइलचा ९०० चा अपलिंक ८९० ते ९१५ मध्येच असल्याने वस्तीजवळ गोंगाटही भरपूर. ८६५ ते ८६७ मध्ये काम करणारा सेट घ्या, किमान आणि कमाल फ्रिक्वेन्सी दोन्ही टोकांना, म्हणजे ड्रोनवरच्या आणि जमिनीवरच्या रेडिओत, हाताने भरा. एका टोकाला जरी मूळचीच मर्यादा राहिली तरी जोडणी होत नाही. पॉवर ३० डीबीएमवर, म्हणजे १ वॉटवर, ठेवली की प्रक्षेपणाच्या क्षणी रेडिओ ५ व्होल्टवर जवळपास १ अँपिअर ओढतो. लॅपटॉपचं साधं यूएसबी पोर्ट ५०० मिलीअँपिअरचं. मग होतं काय, की टेबलावर सगळं व्यवस्थित चालतं आणि ड्रोन लांब गेलं की रेडिओ रीसेट होत राहतो. दोष अँटेनाचा वाटतो, असतो वीजपुरवठ्याचा. रेडिओला वेगळा ५ व्होल्ट, २ अँपिअरचा पुरवठा द्या.

रेडिओ लॅपटॉपजवळ ठेवून लांब कोअॅक्स केबल ओढण्यापेक्षा तो ३-४ मीटरच्या काठीवर अँटेनाला चिकटून बसवा. खाली आणायची ती यूएसबी, तीही अॅक्टिव्ह एक्स्टेंशनने; ३.३ व्होल्टची कच्ची सिरीयल वायर लांबवू नका. लॉगमध्ये सिग्नल आणि नॉइज यांतला फरक बघायची सवय लावा: ड्रोनचं अंतर दुप्पट झालं की ६ डीबी जातात, त्यामुळे किती पल्ला शिल्लक आहे ते तिथेच कळतं. एन्क्रिप्शन रेडिओतच आहे, ते चालू करा. उघड्या मॅव्हलिंकवर (ड्रोन आणि जमीन यांच्यातल्या संदेशांची भाषा) टेहळणी करणं बेजबाबदारपणाचं आहे.

बोर्ड बदलताना सगळ्यात घातक टप्पा पॅरामीटर फाइलचा, म्हणजे ऑटोपायलटच्या सगळ्या सेटिंग्जच्या फाइलचा. त्याच बोर्डावर फर्मवेअर चढवलं तर जुनी नावं आपोआप नव्यात बदलतात. पण जुन्या बोर्डाची फाइल नव्या बोर्डावर लोड केली, तर ४.५ मध्ये बदललेली नावं सापडत नाहीत, त्या ओळी गळतात आणि मूळ किमती तशाच राहतात. क्रूझ वेग पूर्वी सेंटिमीटर प्रतिसेकंदात १८०० होता, आता नव्या नावाखाली मीटर प्रतिसेकंदात १८ भरायचा. नाही भरला तर १२ राहतो. ७ किलोच्या यंत्राला १२ म्हणजे स्टॉलचा, पंखांची उचल सुटण्याचा, काठ. किमान वेग, रोल मर्यादा आणि परतीची उंची यांचंही तेच. फाइल लोड करताना न सापडलेल्या नावांची यादी लिहून घ्या आणि एकेक किंमत हाताने भरा. हे काम घाईत करायचं नाही.

क्यूबमधले सेन्सर ४५ अंशांपर्यंत तापवले जातात. थंड सकाळी त्याला काही मिनिटं लागतात. तापमान चढत असतानाच आर्म केलं, म्हणजे मोटरी उड्डाणासाठी खुल्या केल्या, तर जायरोचा बायस (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरची मूळ चूक) सरकतो आणि उड्डाणात ईकेएफच्या, म्हणजे स्थितीचा अंदाज काढणाऱ्या गणिताच्या, तक्रारी येतात. थांबा, आणि बोर्डावर थेट वारा लागणार नाही असं झाकण ठेवा.

आता विरळ हवा. ३,५०० मीटरवर घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के, ५,००० ला ६०. लेहला तेवढंच वजन तोलायला मोटरी सुमारे १९ टक्के जास्त फिरतात आणि शक्तीही तेवढीच जास्त खातात. सपाटीवर हॉवर थ्रॉटल (जागेवर तरंगायला लागणारा थ्रॉटल) ०.४५ असेल तर इथे ०.६ च्या वर जातो. आधी हातचा जातो तो यॉ, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवण्याचा ताबा, कारण तो मोटरींच्या टॉर्कच्या फरकावरच चालतो. वाऱ्यात उतरताना नाक फिरू लागलं की हेच समजा. उपाय दोनच: वजन उतरवा किंवा एक इंच मोठा प्रॉपेलर. मोठ्या प्रॉपेलरवर रंगाची खूण करा, कारण तोच खाली पुण्याकडे लावला तर मोटर तापते.

पुढे उडताना वेगमापक दाखवतो १८, प्रत्यक्षात यंत्र २१ ने जात असतं. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त. आर्डुपायलट लॉइटरचं, म्हणजे एका जागेभोवती घिरट्या घालायचं, वर्तुळ उंचीनुसार स्वतः मोठं करतो. योजनेत ८० मीटर त्रिज्येचं काढलेलं वर्तुळ लेहला ११० च्या पुढे जातं, आणि अरुंद दरीत तो फरक म्हणजे समोरची कडा. वर्तुळ दरीच्या मधोमध ठेवा.

भूप्रदेशाचा डेटा मिशन प्लॅनर नेटवरून घेऊन रेडिओतून वर पाठवतो. जागेवर नेट नसतं. म्हणून एसडी कार्डावर आधीच टाका. लेहसाठी एन ३४ ई ०७७ ची फाइल. उंचीच्या बिंदूंमधलं अंतर मुळात १०० मीटर असतं, तीव्र उतारावर ३० करा. मात्र फाइलही ३० चीच हवी, नाहीतर ऑटोपायलट ती नाकारतो आणि परत जमिनीकडे मागतो. नकाशाही घरूनच साठवा: ऑल्ट दाबून क्षेत्र निवडायचं, मग प्रीफेच (आधीच उतरवून ठेवणं).

जुना हार्डडिस्कवाला लॅपटॉप नेऊ नका. बहुतेक हार्डडिस्क ३,०४८ मीटरपर्यंतच चालवायला प्रमाणित असतात, कारण आतलं हेड हवेच्या पातळ थरावर तरंगतं.

बॅटरी गारठली की अंतर्गत रोध वाढतो, उचल घेताना व्होल्टेज खाली बसतं आणि फेलसेफ (बॅटरी संपत आल्यावर आपोआप होणारी सुरक्षा कृती) उगाच लागतो. पॅक २० अंशांच्या वर गरम करून लावा आणि फेलसेफचा स्रोत रोधामुळे झालेली घट भरून काढलेल्या व्होल्टेजवर ठेवा, शिवाय वापरलेल्या मिलीअँपिअर-तासांची मर्यादाही घाला.

मिशन प्लॅनरबद्दल तक्रार एकच: भर उन्हात त्याची बारीक बटणं हातमोज्यांनी दाबता येत नाहीत. परत बोलावणं, लॉइटर आणि क्वाड मोडमध्ये उतरणं हे तिन्ही मोड रिमोटच्या स्विचवर द्या.