डिंकी थंडरबोल्ट (युद्धपूर्व, २३एम): काही महिन्यांनंतरचा अनुभव

डिंकी या ब्रिटिश खेळणी-ब्रँडचा थंडरबोल्ट म्हणजे वेगाचा विक्रम करणाऱ्या खऱ्या गाडीची धातूची छोटी प्रतिकृती (२३एम हा तिचा क्रमांक). आला तेव्हा हा रिव्ह्यू लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते. चंदेरी रंग जवळपास शाबूत, शेपटीवरचे झेंडे नीट दिसणारे, खोका नाही म्हणून किंमतही आवाक्यात. खोक्यासाठी पैसे मोजणारे लोक मला कधीच कळले नाहीत. गाडी घ्यायची की पुठ्ठा?

आता दोन देतोय, तेही आकारासाठी. नाकाजवळ केसाएवढी रेघ दिसली तेव्हा रंग तडकला असेल म्हणून सोडून दिली. नंतर ती लांबली, बाजूला दुसरी फुटली, आणि तळाचा पत्रा मधोमध वाकायला लागला. पत्रा आहे तेवढाच, वरची बॉडी मात्र वाढतेय. व्हर्नियर लावून पाहिलं, खरंच वाढलीय. जागेवर उभ्या-उभ्या लांब होणारी रेकॉर्ड कार!

हाच तो 'झिंक पेस्ट' (pest, म्हणजे जस्ताला लागणारी कीड). जस्ताच्या मिश्रधातूत शिसं, कथील किंवा कॅडमियम चिमूटभर जरी जास्त गेलं, तरी धातूच्या कणांच्या सीमांवर आतून गंज धरतो. मग धातू फुगतो, तडकतो आणि शेवटी भुगा. बाहेरून लॅकर मारा, सुपरग्लू ओता, उपयोग शून्य. रोग ओतकामाच्या दिवशीच आत शिरलेला असतो. शेजारच्या गाडीला मात्र तो लागत नाही, त्यामुळे कपाटात 'विलगीकरण' करणाऱ्यांनी निवांत राहावं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर : 'पाठवताना तडा नव्हता, तुमच्याकडची हवा दमट आहे.' चिडचिड झाली, पण निम्मं खरं आहे. ओलावा आणि उष्णता या सडण्याला वेग देतात. उरलेलं निम्मं असं, की त्याने तळाचा एकही फोटो टाकला नव्हता आणि वर्णनात 'वयोमानानुसार' एवढाच शब्द होता. पैसे परत मिळाले नाहीत. पुढच्या खरेदीत सूट देऊ म्हणाला.

या भांडणात चांगलं एवढंच झालं, की मूळ गाडीबद्दल नीट वाचलं. ब्रिटिश रेसर जॉर्ज आयस्टनचा थंडरबोल्ट म्हणजे रोल्स-रॉइसची 'आर' नावाची दोन विमान-इंजिनं असलेलं सात टनी धूड. १५ सप्टेंबर १९३८ ला त्याचा प्रतिस्पर्धी जॉन कॉबने अमेरिकेतल्या बॉनेव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी ३५०.२ मैलांचा विक्रम केला, आणि दुसऱ्याच दिवशी आयस्टनने ३५७.५ करून तो हिसकावला. त्याच वर्षी एकदा पांढऱ्या मिठापुढून जाणारी चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची बॉडी वेळ मोजणाऱ्या प्रकाश-यंत्राला दिसेचना, म्हणून बाजूंना काळा रंग फासावा लागला. डिंकीच्या चंदेरी बॉडीवर काळं काम का आहे, ते हे वाचल्यावर उमगलं. त्यासाठी अर्धा गुण वाढवतो. म्हणजे अडीच.

मूळ गाडी १९४६ मध्ये न्यूझीलंडमध्ये प्रदर्शनाच्या इमारतीला आग लागून जळाली. त्यामुळे युद्धपूर्व मॉडेलला लोक जास्त भाव देतात, हे समजतं. पण तडकणाऱ्या धातूला?

काटकसर करायची असेल तर २३एस घ्या, म्हणजे 'स्ट्रीमलाइन्ड रेसिंग कार', आणि तीही युद्धानंतरची (१९५४ च्या नव्या क्रमांकांत ती २२२ झाली). आकार तोच, फक्त नाव आणि झेंडे नाहीत. माझ्याकडची हिरवी अजून सरळ आहे, पत्राही सपाट, आणि जमिनीवर सोडली की दाराखालून पार पलीकडच्या खोलीत जाते. किंमत थंडरबोल्टच्या पासंगालाही पुरत नाही. झेंड्यांची हौस असेल तर ट्रान्सफर (वरून चिकटवायची छापील चित्रं) मिळतात, पण मग विकताना तसं स्पष्ट लिहा, नाहीतर तुमच्यात आणि माझ्या विक्रेत्यात फरक काय?

युद्धपूर्वच घ्यायची असेल, तर तळाचा फोटो, बाजूने पट्टी टेकवून काढलेला फोटो आणि नाकाचा जवळून फोटो, तिन्ही आल्याशिवाय पैसे सोडू नका. त्याच विक्रेत्याने परवा दुसरा थंडरबोल्ट दाखवलाय, 'तुमच्यासाठी खास भावात'. तळाचा फोटो मागितला आहे. त्यानंतर वरून काढलेले चार फोटो आलेत.