मॉडेलिंगचा पेपर कुठे पाठवावा: जर्नल ऑफ कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्स की ईन्यूरो?

न्यूरॉनचं (चेतापेशीचं) किंवा अशा पेशींच्या नेटवर्कचं संगणकी मॉडेल उभं राहिलं, आकृत्या झाल्या, की आमच्याकडे चर्चा बहुधा या दोन नावांवर येऊन थांबते.

जर्नल ऑफ कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्स 1994 पासूनचं, स्प्रिंगरचं. ऑर्गनायझेशन फॉर कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्सेसच्या 2021 च्या वार्षिक परिषदेचे सारांशही यातच आले. आदल्या वर्षीचे बीएमसी न्यूरोसायन्समध्ये होते. इथला वाचक समीकरणाला बिचकत नाही. बायफर्केशनवर (पॅरामीटर जरासा बदलताच मॉडेलचं वागणं पालटतं, त्यावर) चार पानं लिहिलीत तरी ती वाचली जातात. शिवाय ओपन ॲक्सेस (म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचता येणं) नको असेल तर लेखकाला पैसे भरावे लागत नाहीत, आणि आपल्याकडच्या प्रयोगशाळांसाठी ही लहान गोष्ट नाही.

ईन्यूरो सोसायटी फॉर न्यूरोसायन्सचं, 2014 मध्ये सुरू झालेलं. पूर्ण ओपन ॲक्सेस, म्हणून शुल्क आहे. सोसायटीच्या सदस्यांना ते थोडं कमी पडतं. वाचक बहुतेक प्रयोग करणारे, त्यामुळे गणिताची ओळख नीट करून द्यावी लागते.

माझा निर्णय मात्र शुल्कावर झाला नाही, रिव्ह्यूवर, म्हणजे छापण्याआधी तज्ज्ञ पेपर तपासतात त्यावर झाला. मॉडेलच्या पेपरला एक दुखणं कायमचं असतं. एक रिव्ह्यूअर म्हणतो, डेंड्राइट (न्यूरॉनच्या फांद्या) आणखी तपशिलात घ्या, आयन चॅनेल (पेशीच्या पडद्यातल्या विद्युतभारित कणांच्या वाटा) वाढवा. दुसरा म्हणतो, इतके पॅरामीटर हवेत कशाला, साधा इंटिग्रेट-अँड-फायर न्यूरॉन (येणारे संकेत बेरजेने साठवून मर्यादा गाठली की स्पंद सोडणारं सोपं मॉडेल) पुरे. एका तिसऱ्याच जर्नलकडून मला नेमके असे दोन अहवाल आले आणि वर संपादकांची ओळ: दोघांचंही समाधान करा. ते होणारच नव्हतं. दोन्ही दिशांनी मॉडेल ओढण्यात कित्येक महिने गेले आणि पेपरमधला मूळ प्रश्न मागे पडला.

2008 पासून न्यूरोसायन्स पीअर रिव्ह्यू कन्सॉर्शियम या गटातली जर्नल्स, पेपर नाकारला गेला तर, लेखकाच्या संमतीने जुने अहवाल गटातल्या पुढच्या जर्नलला देऊ लागली. त्याने रिव्ह्यूअरांचे श्रम नक्कीच वाचतात. पण अहवालच एकमेकांच्या विरोधात असतील, तर तो विरोधही सोबत जातो.

ईन्यूरोत रिव्ह्यूअर आणि संपादक आधी आपसात चर्चा करतात आणि लेखकाला एकच एकत्रित मत येतं. पेपर स्वीकारला गेला तर ते मत त्याच्यासोबत छापलंही जातं. मला आलेल्या पत्रात कोणतं सिम्युलेशन हवं आणि कोणतं नको, दोन्ही स्पष्ट होतं. लेखकांची नावंही रिव्ह्यूअरांना दिसत नाहीत. लहान गटांना याचं मोल जास्त वाटेल.

प्रत्येकाला माझ्यासारखाच अनुभव येईल असं नाही. तुमच्या पेपरचा गाभा शुद्ध गणिती असेल किंवा शुल्काची सोय नसेल, तर स्प्रिंगरचं जर्नल निःशंक निवडा. पण मॉडेल प्रयोगातल्या नोंदींशी जोडलेलं असेल आणि ग्रँटमध्ये प्रकाशनासाठी तरतूद असेल, तर मी तरी आधी ईन्यूरोलाच पाठवीन.